शहरांच्या पर्यावरणात करिअर: पैसा कुठे जातो, कुठे वाचतो

मुंबई महापालिकेनं मार्च २०२२मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०५०पर्यंत ‘नेट झीरो’ गाठायचं उद्दिष्ट ठेवलं. २०२४मध्ये तिनं हवामान अर्थसंकल्पाचा वेगळा अहवालही काढला. राज्याच्या पर्यावरण विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ आले आणि २ ऑक्टोबर २०२०ला ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झालं. तिकडे सेबीनं २०२२-२३पासून शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल देणं बंधनकारक केलं. एवढ्या कागदांमागे माणसं लागतात. माणसं लागतात म्हटल्यावर कोर्स विकणारेही येतात.

ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी ‘मला शहरांच्या पर्यावरणात काम करायचंय’ म्हणते, त्या घरासाठी हा हिशेब आहे. त्यातली मुख्य गोष्ट अशी की या क्षेत्रात सगळ्यात महाग पडते ती फी नव्हे. महाग पडतात पदवीनंतरची पहिली चार-पाच वर्षं, जेव्हा पगार तुटपुंजा असतो, करार अकरा महिन्यांचे असतात आणि कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला जातो. म्हणून पैसा खर्च करण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी पक्की मूळ विद्या, मग काम, मग दुसऱ्याच्या पैशानं पुढचं शिक्षण. बहुतेक लोक हाच क्रम उलटा लावतात आणि हप्त्याखाली दबतात.

पगार कोण देतं

महापालिका, नगररचना विभाग, प्रदूषण नियंत्रण मंडळ ही सरकारी दारं. तिथे जागा थोड्या, पण पगार आणि अधिकार खरे. त्यांच्याभोवती सल्लागार कंपन्यांचं वर्तुळ असतं. निविदा भरून महापालिकेचे आराखडे करून देणारे हे लोक. नवख्यांची भरती जास्त करून इथेच होते. तिसरं दार अभ्याससंस्थांचं आणि स्वयंसेवी संस्थांचं. पुण्यातल्या ‘प्रयास’ आणि ‘परिसर’, दिल्लीतल्या ‘टेरी’ आणि ‘सीएसई’, मुंबईच्या आराखड्यात महापालिकेला साथ देणारी ‘डब्ल्यूआरआय इंडिया’ ही त्यातली ओळखीची नावं. चौथं दार बिल्डर आणि मोठ्या कंपन्यांचं: हरित इमारती, ऊर्जा बचत, ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभाराचे अहवाल. पैसा चौथ्या दारात सगळ्यात लवकर मिळतो. शहराच्या निर्णयांना वळण द्यायला मिळतं ते पहिल्या आणि तिसऱ्या दारात. दोन्ही एकदम हवं असेल तर दहा-बारा वर्षांची तयारी ठेवावी.

पहिली पदवी: नाव साधं असू द्या

बारावीनंतर लगेच ‘सस्टेनेबिलिटी’ नावाची पदवी घेण्यात शहाणपण नाही. मुलाखतीला बसलेला माणूस विचारतो, तुम्हाला येतं काय? गटाराचा उतार काढता येतो का, इमारतीचा वीजभार मोजता येतो का, नकाशावर थर चढवता येतात का, वस्तीत जाऊन सर्वेक्षण करता येतं का? याची उत्तरं स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुकला, नियोजन, अर्थशास्त्र, भूगोल, समाजकार्य अशा जुन्या शाखांत मिळतात.

या क्षेत्रातली मोठी माणसं कुठून आली ते पाहिलं तरी हेच दिसतं. १९९४च्या प्लेगनंतर सुरतेचं रूप पालटणारे आयुक्त एस. आर. राव प्रशासकीय सेवेतले. ब्राझीलमधल्या कुरिचिबा शहराची बसव्यवस्था घडवणारे महापौर जेमी लर्नर वास्तुविशारद. पुण्यात १९९३मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून आलेल्या पूर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण यांच्यासारख्या कार्यकर्त्यांमुळे. पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली, आणि आज पुण्यातली लाखो घरं तिला दारात कचरा देतात. यातल्या कुणाच्याही पदवीवर ‘पर्यावरणीय शाश्वतता’ छापलेलं नव्हतं.

महाराष्ट्रात सरळ मार्ग हवा असेल तर चार वर्षांची बी. प्लॅनिंग आणि पाच वर्षांची बी. आर्क. या दोन पदव्या आहेत. पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात नियोजनाचं शिक्षण मिळतं. केंद्रीय संस्थांतल्या बी. प्लॅनिंगसाठी जेईई मेनचा नियोजनाचा पेपर द्यावा लागतो. हा पेपर असतो हेच अनेक घरांना माहीत नसतं, त्यामुळे चुरस अभियांत्रिकीइतकी नाही.

खर्चात सगळ्यात मोठा फरक पडतो तो इथे. सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयात वर्षाचं शिक्षणशुल्क हजारांत राहतं. खासगीत ते दीड-दोन लाखांवर सहज जातं. मुलींसाठी राज्य सरकारच्या जुलै २०२४च्या निर्णयाचा विचार आधी करा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होतं. आणखी एक अट: प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की ही सवलत गेली. ‘कोट्यातून सीट पक्की करून देतो’ म्हणणारा माणूस हे वाक्य कधी उच्चारत नाही. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर, दरवर्षी नव्यानं. उत्पन्नाचा दाखला जूनमध्येच काढून ठेवा, सप्टेंबरात तहसील कार्यालयासमोर रांग लागते.

वास्तुकलेच्या मुलांचा फीबाहेरचा खर्च पालक हमखास विसरतात. चांगला लॅपटॉप साठ-सत्तर हजारांच्या खाली येत नाही. प्रतिकृतींचं सामान, मोठ्या कागदावरच्या प्रिंट, अभ्यासदौरे यांत वर्षाला पंचवीस-तीस हजार सहज जातात.

पदव्युत्तर: इथे घाई महागात पडते

पदव्युत्तर शिक्षणाच्या चांगल्या जागा आपल्याकडे आहेत. आयआयटी मुंबईत पर्यावरण अभियांत्रिकी आहे, शहरी विज्ञान व अभियांत्रिकीचं केंद्र आहे आणि ‘सितारा’सारखं तळाच्या प्रश्नांवर काम करणारं केंद्र आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेत शहरी धोरण, पाणी, हवामान यांवर एम. ए. करता येतं, प्रवेश सीयूईटी-पीजीतून. दिल्लीची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचं सेप्ट, बेंगळुरूची आयआयएचएस ही राज्याबाहेरची नावं.

ढोबळ आकडे असे. सरकारी संस्थेत दोन वर्षांचं शुल्क, वसतिगृह आणि मेस मिळून दोन ते चार लाख. खासगी किंवा स्वायत्त संस्थेत नुसतं शुल्कच सहा ते बारा लाख, वर राहण्याचे तीन-चार लाख. प्रवेशापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून प्रत्येक सत्राचं शुल्क, अनामत, मेस आणि ‘इतर’ अशी चार कलमं वेगळी लिहून काढा. ‘इतर’ या कलमात बरंच काही लपलेलं असतं.

अभियांत्रिकी किंवा वास्तुकला झालेल्यांसाठी गेट परीक्षा हा सगळ्यात फायद्याचा सौदा आहे. २०२६च्या परीक्षेचं शुल्क दोन हजार; मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांसाठी हजार. ‘आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग’ असा स्वतंत्र पेपर आहे. गेटवर मान्यताप्राप्त संस्थेत एम. टेक. मिळालं की दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. दोन वर्षांत ते जवळपास तीन लाख होतं, म्हणजे सरकारी संस्थेतला बहुतेक खर्च निघाला.

आता कर्जाचं बोलू. समजा, साताऱ्याच्या एका मुलीनं खासगी संस्थेतल्या दोन वर्षांसाठी दहा लाख घेतले, साडेदहा टक्क्यांनी, दहा वर्षांत फेडायचे. बँकेतला माणूस हप्ता सांगेल साडेतेरा हजार. तो आकडा खरा, पण शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरच्या एका वर्षात चढलेलं व्याज त्यात नाही. दोन्ही वर्षांच्या सुरुवातीला पाच-पाच लाख उचलले तर या तीन वर्षांचं साधं व्याजच दोन लाख साठ हजारांच्या वर जातं. तेव्हा फेड सुरू होते ती १२ लाख ६० हजारांवर आणि महिन्याचा हप्ता होतो सतरा हजार. पहिला पगार हातात चाळीस हजार, मुंबईत वाटून घेतलेल्या खोलीचं भाडं बारा हजार, हप्ता सतरा हजार. उरलेल्या अकरा हजारांत लोकल, डबा, फोन आणि घरी पाठवायचं सगळं. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरच्या वर्षातही महिन्याचं व्याज भरत राहिलं तर हाच हप्ता साडेतेरा हजारांवर थांबतो. पालकांना शक्य असेल तर मदत इथे करावी.

पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झाली. यादीतल्या निवडक संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती नसेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात व्याजात तीन टक्के सवलत मिळू शकते. संस्था यादीत आहे का, हे प्रवेशाआधी बघा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीतच मिळते. नवी पद्धत निवडली असेल तर ती हिशेबात धरू नका.

खर्चाचं एक कलम कुठल्याच माहितीपुस्तिकेत नसतं: दोन वर्षं बुडालेला पगार. महिना तीस हजार धरले तरी सात लाख वीस हजार. म्हणून पहिल्या पदवीनंतर दोन वर्षं काम करून मग पदव्युत्तरला जाणं बहुतेकांना परवडतं. काय शिकायचं तेही तोवर कळलेलं असतं.

पीएचडीची वाट पैसे खाणारी नाही, देणारी आहे. नेट-जेआरएफ मिळालं तर महिना ३७,००० रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडं. संशोधनाचा पिंड असेल तर विनाकारण कर्ज काढू नये.

प्रमाणपत्रं: मालकाच्या खिशातून

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो प्रमाणपत्रांत. हरित इमारतींचं अमेरिकी मानांकन ‘लीड’. त्याच्या प्राथमिक परीक्षेचं शुल्क सदस्य नसलेल्यांना २५० डॉलर आहे, म्हणजे वीस हजारांच्या वर. विद्यार्थ्यांना सवलत असते, ती विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. पास झालं की संपलं असंही नाही. दर दोन वर्षांनी पंधरा तासांचं शिक्षण दाखवून शुल्क भरून नूतनीकरण करावं लागतं. आपल्याकडची आयजीबीसी आणि ‘गृह’ ही मानांकनं भारतीय प्रकल्पांत सर्रास चालतात आणि खर्चही कमी. राहता राहिली केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची परीक्षा: ऊर्जा व्यवस्थापकासाठी तीन पेपर, लेखापरीक्षकासाठी चार. पात्रतेत पदवीबरोबर कामाचा अनुभवही लागतो. त्या परीक्षेमागे ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ आहे, म्हणून तिचा शिक्का टिकाऊ.

यातलं कुठलंही प्रमाणपत्र नोकरीआधी विकत घेऊ नये. सल्लागार कंपनीला निविदेत प्रमाणित माणसं दाखवावी लागतात, त्यामुळे चांगली कंपनी शुल्क स्वतः भरते किंवा पास झाल्यावर परत देते. नोकरी स्वीकारताना पगाराआधी हा प्रश्न विचारा.

एखाद्या परदेशी विद्यापीठाच्या नावाचा सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स, किंमत लाख-दीड लाख, ‘आज भरलंत तर तीस टक्के सूट’ असे फोन हमखास येतात. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून शिक्षण कंपन्यांनी दिलेल्या, मान्यता नसलेल्या पदव्यांबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेंबर २०२३मध्ये जाहीर इशारा दिला होता. त्या पैशांत काय शिकायला मिळतं तेवढंच पाहायचं, कागदाची किंमत शून्य धरायची.

हजार रुपयांत आणि फुकटात

एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम फुकट आहेत; प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तर एका विषयाला हजार रुपये. नगरनियोजन, घनकचरा, हवेचं प्रदूषण, इमारतींची ऊर्जा हे सगळं त्यात आहे. डेहराडूनच्या आयआयआरएसचे दूरसंवेदन आणि जीआयएसचे ऑनलाइन वर्ग विनाशुल्क. नकाशांसाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत. पन्नास हजारांच्या जीआयएस क्लासची जाहिरात पाहण्याआधी या दोन्हींवर तीन महिने घालवा.

वाचायलाही पैसे लागत नाहीत. महापालिका कायद्याप्रमाणे दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण स्थितीचा अहवाल सभागृहापुढे यावा लागतो. तो संकेतस्थळावर असतो. आपल्या शहराचे मागचे तीन अहवाल शेजारी ठेवले की बरेचदा मागच्या वर्षाचे परिच्छेद जसेच्या तसे आढळतात. मुलाखतीत हे दाखवणारा उमेदवार लक्षात राहतो.

मुख्यमंत्री फेलोशिप जाहीर होते तेव्हा अर्ज करा. २०२५-२६ला वयोमर्यादा २१ ते २६ आणि मानधन प्रवासखर्चासह महिना ६१,५०० रुपये होतं. वर्षभरात शासन आतून कसं चालतं ते पाहायला मिळतं. नव्यानं पदवी घेतलेल्यांना महापालिकांत अनुभव मिळावा म्हणून केंद्रानं २०२०मध्ये ‘ट्युलिप’ योजना सुरू केली. विद्यावेतन शहरागणिक वेगळं. बिनपगारी इंटर्नशिप मात्र दोन महिन्यांच्या वर करू नका. मुंबईत दोन महिने राहून फुकट काम करायला खिशातले चाळीस हजार जातात.

पहिली प्रयोगशाळा: आपली सोसायटी

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं शिक्षण इथे मिळतं. पन्नास फ्लॅटची पुण्यातली सोसायटी घ्या, गच्ची तीनशे चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला असं मानलं तरी एक लाख अडुसष्ट हजार लिटर पाणी झालं. दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत सतरा टँकर. हा आकडा सभेत मांडला की टाळ्या पडतात. मग खजिनदार काका चष्मा वर करून विचारतात, “अहो, पण पाऊस पडतो तेव्हा टँकर कुठे लागतो?” प्रश्न बरोबर आहे. एवढं पाणी साठवायची टाकी नसेल तर ते बोअरवेलच्या पुनर्भरणात जातं आणि उन्हाळ्यातले टँकर लगेच सतरानं कमी होत नाहीत. किती कमी होतील हे खालच्या खडकावर आणि बोअरवेलच्या पातळीवर ठरतं. दोन उन्हाळे पातळी मोजून ते सांगता येतं. हा फरक सभेत समजावून सांगता येणं हीच या व्यवसायातली खरी परीक्षा. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेतही असाच काका बसलेला असतो, फक्त तो नगरसेवक असतो.

सौरऊर्जेचं गणित जास्त सरळ आहे. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी दहा किलोवॅटचा संच बसवायचा तर साधारण हजार चौरस फूट बिनसावलीची गच्ची आणि पाच-सहा लाख रुपये लागतील. अनुदान एक लाख ऐंशी हजार. किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट धरले तर महिन्याला बाराशे युनिट. युनिटमागे दहा रुपये वाचले असं मानलं तरी वर्षाला एक लाख चव्वेचाळीस हजार. तीन वर्षांच्या आत पैसे वसूल, असं कागद म्हणतो. प्रत्यक्षात पॅनेलवर धूळ बसते, शेजारच्या टॉवरची सावली दुपारी तीनला येते, इन्व्हर्टरची हमी पॅनेलपेक्षा लवकर संपते. तेव्हा सभेत चार वर्षं सांगावं. पुणे महापालिका सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण आणि गांडूळखत यांसाठी मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत देते. तीही जोडावी, आणि ती मिळवायला किती हेलपाटे पडले त्याची नोंद ठेवावी.

ओल्या कचऱ्याचं काम सगळ्यात चिवट. खड्डे किंवा ड्रम बसवणं सोपं. तिसऱ्या आठवड्यात वास येतो आणि पहिल्या मजल्यावरच्या काकू दार वाजवतात, तिथून पुढे खरं काम. बहुतेकदा ओलावा जास्त आणि सुका पाला कमी असतो. माळ्याला रोज दोन घमेली कोरडा पाला टाकायला लावला की आठवड्यात वास जातो. वर्षभराच्या अशा कामाचा खर्च तुमच्या खिशातून जवळपास शून्य. हातात येतात आधीची आणि नंतरची वीजबिलं, टँकरच्या पावत्या आणि सभेचं इतिवृत्त. कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा हा गठ्ठा मुलाखतीत जास्त बोलतो.

परदेश: अनुभव असेल तर खर्च दुसऱ्याचा

ब्रिटनमध्ये एका वर्षाच्या पदव्युत्तरचं शुल्क पंचवीस हजार पौंडांच्या आसपास धरा. लंडनमध्ये राहणं, व्हिसा, विमान आणि वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार मिळून एकूण आकडा पंचेचाळीस लाखांपुढे जातो. चाळीस लाखांच्या कर्जाचा हप्ता वर सांगितलेल्या दरानं चोपन्न हजार होतो, चढलेलं व्याज न धरता. भारतात परतून या क्षेत्रातल्या पगारात तो फिटत नाही. तिथे नोकरी मिळेलच या भरवशावर कर्ज काढणं हा जुगार आहे.

जर्मनीचं गणित वेगळं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. स्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे तिथे मात्र परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला पंधराशे युरो पडतात; डॉर्टमुंडच्या राज्यात नाहीत. व्हिसासाठी एका वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात. हे आपलेच पैसे, महिना ९९२ युरो याप्रमाणे परत मिळतात. पण सुरुवातीला बारा लाखांच्या घरातली रक्कम उभी करावीच लागते.

शिष्यवृत्त्या बघा. ब्रिटनच्या चेव्हनिंगला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. विकसनशील देशांतल्या नोकरदारांसाठीच्या जर्मन डाड शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि शेवटची पदवी शक्यतो सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. युरोपच्या इरास्मस मुंडुसमध्ये महिना चौदाशे युरो मिळतात, शुल्कही माफ. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्याही योजना असतात. म्हणजे दोन-तीन वर्षं इथे काम केलेल्याला जग बोलावतं आणि पैसे देतं, तर पदवी हातात पडताच निघालेला घर गहाण ठेवतो.

ओढाताणीची वर्षं

पहिली नोकरी अभ्याससंस्थेत किंवा सल्लागाराकडे लागली तर हातात तीस ते पन्नास हजार येतात. महापालिकेतल्या कंत्राटी पदांचे करार अकरा महिन्यांचे असतात. मधल्या खंडाचा पगार नाही आणि देयकं मार्चअखेर अडकतात. म्हणून या क्षेत्रात शिरताना सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. फीच्या जोडीला हे दीड-दोन लाख कुणी हिशेबात धरत नाही, आणि बरेच जण तिसऱ्या वर्षी आयटीत किंवा बँकेत निघून जातात ते यामुळेच. सल्लागाराकडे लागलात तर प्रवासभत्ता कधी मिळतो ते लेखी घ्या. सर्वेक्षणासाठी स्वतःच्या पेट्रोलवर शहरभर फिरून तीन महिन्यांनी पैसे मिळणं ही रोजची तक्रार आहे. भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, की ‘व्यावसायिक शुल्क’ म्हणून टीडीएस कापून पैसे हातात देतात, हेही पाहा. दुसऱ्या प्रकारात विमा आणि निवृत्तीची सोय स्वतःची.

फी भरली आणि मन बदललं तर

मान्यताप्राप्त विद्यापीठं आणि महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे परताव्याचे निकष आहेत. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश सोडला तर पूर्ण शुल्क परत, फार तर पाच टक्के आणि तेही पाच हजारांपर्यंतच कापून. पंधरा दिवसांहून कमी उरले असतील तर नव्वद टक्के. तारखेनंतर पंधरा दिवसांत ऐंशी टक्के, त्यापुढे तिसाव्या दिवसापर्यंत पन्नास टक्के, नंतर काही नाही. काही वर्षी आयोग याहून उदार तारखा जाहीर करतो, त्या वर्षीचं परिपत्रक बघा. मूळ गुणपत्रिका अडवून ठेवायचा अधिकार संस्थेला नाही. ‘मूळ कागद जमा करा’ म्हटलं तर पडताळणी होताच परत घ्या.

खासगी क्लासच्या फसव्या जाहिरातींसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आणली. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ सांगणारा कोर्स त्यांच्या कचाट्यात येतो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, समुपदेशकाचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि पावती जपून ठेवा. बिनव्याजी हप्त्यांच्या नावाखाली तुमच्या नावे कर्ज उघडलं गेलंय का, ते पत अहवालात तपासा. कोर्स सोडला तरी ते कर्ज सुटत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही.